स्वार कोण?

व्हालेरिओ सिमोनी यांचा क्यूबांतील पर्यटनावरील इंग्रजी ग्रंथ (२०१६) आम्हांस आवडला तो त्यांतील संयमामुळें. १९९१ मध्यें सोव्हिएट संघ कोसळला, १९९३ मध्यें क्यूबांत डॉलर बाळगण्यास मुभा मिळाली, आणि हवानाच्या रस्त्यांवर परदेशी पाहुण्यांशीं सलगी जोडणाऱ्यांस 'हिनेतेरो', म्हणजे घोडेस्वार, हें नांव चिकटलें. घोडा कोण, हें सांगणें नलगे! या एका शब्दानें मैत्री, प्रेम, लग्न, सारेंच लबाडींत जमा होतें. सिमोनी असा निकाल देत नाहींत. आपलें प्रेम खरें आहे असें कोणी म्हटलें, तर तें ते गांभीर्यानें ऐकतात. भाषा मात्र शास्त्रीय संज्ञांनीं जड झाली आहे.

आम्हांस खटकतें तें निराळेंच. प्रामाणिकपणाचा पुरावा नेहमीं गरिबाकडेच कां मागावा? ज्याच्या खिशांत परतीचें तिकीट आहे, त्याच्या हिशेबाची झडती या ग्रंथांत अधिक कसून व्हावयास हवी होती. लग्न करून परदेशीं गेलेल्याच्या मागेंहि हा संशय जातो. राहण्याचा परवानाच लग्नावर अवलंबून असला, कीं नवराबायकोच्या साध्या भांडणांतहि सरकार तिसरें होऊन बसतें. सिमोनी यांचें स्पेनमधील क्यूबन स्थलांतरितांवरील लेखन यासाठींच या ग्रंथासोबत वाचावें. तेथें पाहुणा क्यूबन आहे.