‘गीतरत्ना’तील एक अव्यय

बायबलांतील ‘गीतरत्न’ काव्याच्या पहिल्या अध्यायांत नायिका स्वतःस काळी म्हणते व सुंदरही म्हणते. मूळ इब्रींत हीं दोन विशेषणें ‘वाव’ या अव्ययानें जोडलीं आहेत. प्रसंगानुसार त्याचा अर्थ ‘आणि’ अथवा ‘परंतु’ असा होतो. संस्कृतांतील ‘च’ व ‘तु’ या दोहोंचें कार्य तें एकटेंच करतें. सप्तति नामक प्राचीन ग्रीक भाषांतरानें ‘आणि’ स्वीकारला. जेरोमनें चवथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्यें ‘परंतु’ घातला, १६११ च्या इंग्रजी भाषांतरांतही तोच आला, आणि वर्ण हा दोष ठरला. १९८९ च्या एका सुधारित इंग्रजी आवृत्तींत ‘आणि’ परतला.

आम्हांस ‘आणि’ हाच अर्थ ग्राह्य वाटतो. याच काव्याच्या पांचव्या अध्यायांत नायकाच्या केसांस तेंच ‘काळा’ हें विशेषण स्तुतिपर लाविलें आहे. विरोध गृहीत धरणारानें तो सिद्ध केला पाहिजे. केवळ व्याकरण त्यास साह्य करीत नाहीं.

तथापि, एवढ्यावरून नायिका आफ्रिकी होती असें म्हणणेंही उतावळेपणाचें होईल. कारण पुढेंच ती आपल्या काळेपणाचें कारण ऊन्ह सांगते. त्या लोकांचें स्थान पाहणें असेल तर यिर्मयाचा अडतिसावा अध्याय पाहावा. तेथें स्वजनांनीं चिखलाच्या हौदांत सोडिलेल्या संदेष्ट्यास वर काढणारा एबद-मलेख हा कूशी, म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडील नीलतीरीचा, असें स्पष्ट लिहिलें आहे. तेथें अव्ययाचा आधार लागत नाहीं.