हिमालयातली गावे आणि आपली प्रवासवर्णने

दिवाळी अंकात प्रवासवर्णन नसेल तर फराळाच्या ताटात चकली नसल्यासारखे वाटते. एके काळी ही प्रवासवर्णने बहुधा विलायतेची असत. हल्ली त्यांनी हिमालयाची वाट धरली आहे. सह्याद्रीतल्या गडांवर पाय तयार केलेली मुले-मुली स्पितीला, किन्नौरला, कुमाऊंतल्या जोहार खोऱ्यात जातात आणि परत येऊन लिहितात. मी ती पुस्तके आवडीने वाचतो. गुडघे कुरकुरू लागल्यामुळे माझा हिमालय आता पुस्तकातच उरला आहे. तरीही या लेखनाविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती सणासुदीला करणे बरे दिसत नसले तरी करणार आहे.

या पुस्तकांतला पर्वत खरा वाटतो. पंधरा हजार फुटांवर श्वास कसा अडकतो, खिंडीतला वारा कसा चावतो, पहाटे शिखर कसे तांबूस होते, हे सारे आमच्या लेखकांना छान साधते. पण संध्याकाळ होते, लेखक एखाद्या गावात मुक्कामाला उतरतो आणि त्याची लेखणी एकदम आळसावते. चुलीपाशी एक म्हातारी बसलेली असते. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे असते. ती मीठ घातलेला चहा पुढे करते आणि निर्मळ हसते. मग लेखक लिहितो की इथे काळ थांबला आहे, आणि ही माणसे किती थोडक्यात सुखी आहेत. सकाळी तो पुढे निघतो. ती म्हातारी पुन्हा भेटत नाही. मात्र पुढच्या पुस्तकात तशीच दुसरी भेटते.

ही तक्रार मला जरा लवकर सुचली, याचे कारण मी जिथे राहतो ते गाव. रायगडच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे येतात. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आमच्या कोळीवाड्यात दोन दिवस राहिले आणि त्यांनी आमच्यावर एक लेख लिहिला. ज्या घरी ते जेवले, तिथल्या बाईचे वर्णन त्यांनी भोळी, हसतमुख आणि समुद्राच्या गाजेवर जगणारी असे केले होते. त्या आठवड्यात त्या बाईचा नवरा रिकाम्या जाळ्यांनी परतला होता. डिझेलचे आणि बर्फाचे पैसे द्यायचे राहिले होते, आणि अंगणात सुकट वाळत घालताना ती हिशेब करीत होती. लेखात सुकट होती, हिशेब नव्हता. गावातल्या कोणी तो लेख तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्याबद्दल वाईट नाय लिवलं, पण ह्ये आमी नाय."

त्याच बाईचा मुलगा माझा विद्यार्थी. पुढे नोकरीला लागला, हिमालयात जाऊन आला आणि आपली वही मला दाखवायला घेऊन आला. वही चांगली होती. पण मुक्कामाच्या गावापाशी आलो आणि मी थबकलो. तीच म्हातारी, तेच हसू, तोच थांबलेला काळ. मी त्याला एवढेच विचारले, "अरे, तुझ्या आईवर तो लेख आला होता, तो आठवतो का?" तो बराच वेळ काही बोलला नाही.

पाहणारा आणि पाहिला जाणारा यांचे नाते आमच्या किनाऱ्याला नवे नाही. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. चौलची माणसे उघड्या अंगाने, उघड्या डोक्याने वावरतात, असे त्याने नोंदवले. पण लगेच त्याने हेही लिहून ठेवले की, आपण जिथे जातो तिथे ही माणसे मागे लागतात आणि गोऱ्या माणसाचे नवल करतात. मला निकितिन मोठा वाटतो तो या दुसऱ्या नोंदीमुळे. आपण पाहतो तसे आपणही पाहिले जात आहोत, हे त्याला कळले होते.

दुसरा दाखला घरचाच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते देश पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते, आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचे कानावर आले होते. वाटेत बंड पेटले. ते झांशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो १९६६ साली पुन्हा प्रसिद्ध केला. गोडसे भटजींची नजर भिक्षुकाची आहे. जातीचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवरून उतरत नाही. पण आपण दक्षिणेसाठी निघालो हे ते लपवीत नाहीत. त्यामुळे त्यांना भेटलेला प्रत्येक माणूस काही देणारा, नाकारणारा, घाबरलेला किंवा भुकेला असतो. नुसता देखावा कधीच नसतो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते, भटजी पाणी काढायला पुढे होतात, आणि ती त्यांना थांबवून स्वतः पाणी शेंदते. राणीविषयीची शंभर विशेषणे एका बाजूला आणि हा पोहरा दुसऱ्या बाजूला ठेवला तर पोहराच जड भरेल.

आता या मोजपट्टीने हिमालयाकडे पाहू. जोहार खोऱ्यात मिलम नावाचे गाव आहे. हिमनदीकडे जाणारे आमचे गिर्यारोहक तिथली पडकी घरे पाहून 'जगापासून तुटलेले गाव' असे लिहितात. वस्तुतः ते गाव जगाशी फार घट्ट जोडलेले होते. तिथले भोटिया व्यापारी शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर धान्य आणि कापड लादून खिंडी ओलांडीत, आणि तिबेटातून मीठ, लोकर, सवागी घेऊन येत. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली आणि गाव ओस पडले. तिथे काळ थांबलेला नाही. तिथे व्यापार थांबला आहे. या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच वर्णन आणि समज यांतला फरक आहे.

याच मिलमचा नैनसिंग रावत. जन्म १८३०, म्हणजे आपल्या गोडसे भटजींच्याच पिढीचा. पेशा शाळामास्तराचा, आणि त्यामुळेच त्याला 'पंडित' म्हणत. इंग्रजांच्या मोजणी खात्याने त्याला वेषांतर करून तिबेटात पाठवले. एकशे आठऐवजी शंभर मण्यांची माळ ओढीत, पावले मोजीत तो १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. टिपणे प्रार्थनाचक्रात दडवलेली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. ज्या गावच्या मास्तराने पावलांनी तिबेट मोजले, त्या गावाला आपण 'भोळे' म्हणतो, तेव्हा भोळे नेमके कोण?

यावर कोणी म्हणेल, एका रात्रीच्या मुक्कामात, भाषा येत नसताना, माणूस कसा कळावा? आक्षेप रास्त आहे. पण पूर्वीचे यात्रेकरूही एकेक रात्रच राहत. बदरी-केदारच्या वाटेवर चट्ट्या असत. दुकानदाराकडून शिधा घ्यावा, म्हणजे तो निजायला जागा आणि रांधायला भांडी देई. त्या व्यवहारात पिठाचा भाव कळे, पीक कळे, घरातले आजारपण कळे. साताऱ्याला जन्मलेले काका कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले, ते याच यात्रेकरूंच्या वाटांनी. त्यांनी आपला ग्रंथ गुजरातीत लिहिला, म्हणून आपण त्यांना परके मानू नये. आजच्या प्रवाशाचे पैसे आधीच भरलेले असतात. त्याला कोणाशी भाव करावा लागत नाही, आणि म्हणून काही विचारावेही लागत नाही. मुक्काम छोटा असला तरी चालेल, पण प्रश्न विचारायला हवेत. आणि उत्तर मिळाले नाही, तर 'मला कळले नाही' असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा तरी हवा.

माझा तो विद्यार्थी गणपतीत पुन्हा आला. म्हणाला, "सर, एक गोष्ट मी वहीत लिहिलीच नव्हती. त्या आजीने मला विचारले होते की, भरती येते म्हणजे समुद्राचे पाणी जास्त होते का, आणि मग ओहोटीला ते जाते कुठे? मला नीट सांगता आले नाही, म्हणून ते गाळले."

मी त्याला म्हटले, तुझे प्रवासवर्णन तिथूनच सुरू कर. त्याने तसे केले आहे. नवीन पानांत शिखर थोडे लहान झाले आहे, आणि आजीला नाव आले आहे, देहरादूनला नोकरी करणारा मुलगा आला आहे, सरपणाची काळजी आली आहे. छापून येईल तेव्हा ते पान तो आईला स्वतः वाचून दाखवणार आहे. त्या आजीलाही कोणीतरी ते वाचून दाखवावे, आणि तिने "होय, ही मीच" असे म्हणावे, यापरते मोठे प्रशस्तिपत्र प्रवासवर्णनाला नाही.