'आत्मवृत्ता'तील तरुण कर्वे

परवा माझ्या भाचीने एक पुस्तक परत आणून दिले, आणि त्याबरोबर एक तक्रारही आणली. पुस्तक धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त', १९१५ साली प्रसिद्ध झालेले. भाची रत्नागिरीस महाविद्यालयात शिकते. जातिभेद, विवाह, स्त्रियांची मिळकत, कोणताही विषय काढा, तिचे मत तयार असते, आणि ते ऐकण्यासारखेही असते. ती म्हणाली, "मामा, या गृहस्थांची समाजाविषयीची मते बनली तरी कोणत्या पानावर? मी दोनदा शोधले. ते पान काही सापडले नाही."

तक्रार खरी आहे. सुधारकाचे आत्मचरित्र म्हटले की एखादा ग्रंथ वाचून डोळे उघडल्याचा किंवा एखादा अन्याय पाहून रात्रभर झोप न आल्याचा प्रसंग वाचक धरूनच चालतो. कर्व्यांच्या पुस्तकात तसे काही हाती लागत नाही. तरीही त्यांच्या तारुण्याची हकीकत हा या ग्रंथाचा सर्वांत सरस भाग आहे असे मला वाटते. आणि वाचकांची दृष्टी पुढील हिंगणे व विद्यापीठ यांकडे लागलेली असल्यामुळे नेमका तोच भाग घाईने उलटला जातो.

कर्व्यांचा जन्म १८५८ सालचा, आजोळी शेरवलीस. वाढले ते दापोली तालुक्यातील मुरुडास. हर्णैच्या शेजारचे हे समुद्रकाठचे गाव. तेथे विनायक लक्ष्मण सोमण या शिक्षकांनी या मुलाला जे वळण लावले, त्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावच्या दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले. १८६९-७०च्या सुमारास पत्रांतून विधवाविवाहाचा वाद गाजत होता. अशा वादांच्या वार्ता कोकणातल्या गावी पोहोचत त्या याच वाटेने. आपण एकांतात वाचतो तेव्हा नावडता मजकूर सोडून देता येतो. दहाजणांना वाचून दाखवणाऱ्यास तसे करता येत नाही. उभय पक्ष त्याला सारख्याच आवाजात उच्चारावे लागतात. कर्व्यांच्या पुढील लेखनात प्रतिपक्षाविषयी जो शांतपणा दिसतो, त्याचा उगम मी तरी या देवळात शोधीन.

१८७५ सालची साताऱ्याची यात्रा तर प्रसिद्धच आहे. परीक्षेस बसावे म्हणून मुरुडची ही मुले शंभराहून अधिक मैल पायी चालत, सह्याद्री चढून, चार दिवसांत साताऱ्यास पोहोचली. सतरा वर्षे पुरी झाल्याशिवाय परीक्षेस बसता येत नसे. धोंडूची सतरा वर्षे भरली होती. पण अंगलट लहान, चेहरा पोरसवदा. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्याला परत लावण्यात आले. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्याने तीच परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. हा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या हाती लागता, तर अधिकाऱ्यांच्या मगरुरीवर एक प्रकरण सहज खर्ची पडले असते. कर्वे मैल सांगतात, दिवस सांगतात, निराशा झाली हेही सांगतात, आणि पुढे जातात. आपल्या भिडस्तपणाची कबुली मात्र ते ठिकठिकाणी देतात. रागाला एवढी कमी जागा आणि भिडस्तपणाला एवढी अधिक, हे प्रमाण सुधारकांच्या वाङ्मयात क्वचित आढळेल.

मुंबईतील शिक्षणाची प्रकरणे मला जरा नीरस वाटली. १८८१ साली म्हणजे तेविसाव्या वर्षी मॅट्रिक, १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए., मधल्या काळात शिकवण्या. यातून मनुष्य दिसतो तो त्याच्या हिशेबातून. मिळकतीचा ठराविक अंश आधी बाजूस काढून ठेवायचा व मग उरलेल्यात संसार करायचा, हा नेम त्यांनी हाती पैसा खेळू लागण्यापूर्वीच धरला. याच वृत्तीतून मुरुड फंड निघाला. गावाबाहेर चार पैसे मिळवणाऱ्यांनी त्यातला वाटा गावाच्या उपयोगी कामास द्यावा, ही त्यामागची कल्पना. भाचीला हवे असलेले पान मी दाखवायचे ठरवले, तर हेच दाखवीन. येथे मत म्हणून काही मांडलेले नाही. पण आपल्या विद्येवर आपल्याखेरीज आणखी कोणाचा तरी हक्क आहे, हे या तरुणाने रुपये-आणे-पैच्या भाषेत मान्य करून टाकले आहे.

पुढे त्याची परीक्षाही झाली. १८९१ साली प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुनः लग्न करायचे तर विधवेशीच, हा निश्चय करून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या, मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. पत्नीसह ते मुरुडास गेले, तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड काढला तेच हे गाव. ही हकीकत सांगतानाही कर्व्यांचा सूर चढत नाही. येथे मात्र या संयमाचा मला थोडा राग येतो. बहिष्काराचा जाच घरी राहिलेल्या माणसांना होतो, पुण्याच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्यास तितका होत नाही. त्या वृद्ध मातेचे दिवस कसे गेले, याचा आणखी थोडा विस्तार हवा होता. राधाबाईंचे चित्रही पुसटच राहिले आहे. स्वतःचा हिशेब इतक्या चोखपणे देणाऱ्या लेखकाने इतरांच्या खात्यात एवढ्या थोड्या नोंदी कराव्यात, हे या ग्रंथाचे मोठे वैगुण्य होय.

ते वैगुण्य एका दुसऱ्या पुस्तकाने बरेच भरून काढले आहे. गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' त्या उणिवेवर उत्तम उतारा आहे. पतीच्या दानशूरपणाने संसाराची ओढाताण कशी होई, ते या बाईंनी घरगुती ठसक्याने सांगितले आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकातले मौन दुसऱ्यात बोलू लागते.

मतांविषयी कर्वे बेफिकीर होते असे मात्र कोणी समजू नये. १८९३ साली त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापली, आणि दोनच वर्षांनी तिचे नाव 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' असे बदलले. विवाहास उत्तेजन देण्याचे धैर्य सर्वांस नसते. पण निदान आडवे न येण्याचे वचन पुष्कळांकडून घेता येते. लोक किती पावले चालतील हे पाहून शब्द मागे घेण्याची ही तयारी काहींना भ्याडपणाची वाटेल. मला ती गणित्याची वाटते. अर्थात त्यात धोकाही आहे. लोकांच्या पावलांकडे फार पाहणारा मनुष्य कधी कधी स्वतःचे पाऊल विसरतो. आणि १८९६च्या अनाथ बालिकाश्रमासाठी पुढे विधवाविवाहाची चळवळ त्यांनी बाजूस ठेवली, तेव्हा सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावला तो अगदीच अस्थानी नव्हता.

हे सर्व मी भाचीस सांगितले. तिचे समाधान पूर्ण झाले नाही. तिला थोरल्या कर्व्यांपेक्षा त्यांचे चिरंजीव रघुनाथराव अधिक जवळचे वाटतात. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून, खटले अंगावर घेऊन ज्यांनी आपली मते छापली, ते. ती आवड मी समजू शकतो. रघुनाथरावांचा जन्मही मुरुडचाच, १८८२चा. वडिलांचे मॅट्रिक नुकतेच झाले होते.

जाताना तिने 'माझे पुराण' मागून नेले. 'आत्मवृत्त' मात्र टेबलावरच राहिले होते. ते उघडून पाहिले, तर साताऱ्याच्या वाटेच्या पानाशी तिने बसच्या तिकिटाची खूण ठेवली होती.