पन्नास हजार चौकटींचा चंद्र

मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने घेतलेले चंद्राचे चित्र देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. ३ मे रोजी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास चित्रण सुरू झाले आणि ते सुमारे चार तास चालले. पन्नास हजारांहून अधिक चौकटी, १८६ जीबी माहिती आणि संगणकावर जवळजवळ चाळीस तासांचे काम, असा त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. हे चित्र आता मोबाइलमार्गे खेडोपाडीच्या शाळांतही पोचले आहे. वर्गात दाखवण्यासारखे ते निश्चितच आहे. परंतु दाखवण्यापूर्वी त्याची नीट पारख करावी, असे आम्हांस वाटते. चित्र सुंदर आहे यात वाद नाही. ते विज्ञान म्हणून कसे वाचावे, हा प्रश्न आहे.

बातम्यांनी ‘पन्नास हजार’ या आकड्यावर भर दिला. इतक्या चौकटी कशासाठी, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावरून पलीकडे पाहिले की झाडे थरथरताना दिसतात. दुर्बिणीतून चंद्र पाहताना मध्ये असलेली हवा अगदी तसेच करते. एखाद्या क्षणी हवा स्थिर होते आणि विवराची कडा स्वच्छ दिसते, दुसऱ्या क्षणी ती पुसट होते. म्हणून चंद्राच्या एकेका लहान भागाच्या शेकडो चौकटी घ्यायच्या, त्यांतल्या चांगल्या निवडायच्या आणि एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढायची. शेवटी हे सर्व तुकडे जोडून पूर्ण चंद्र तयार होतो. सरासरीचा आणखी एक लाभ असतो. चित्रातला दाणेदारपणा चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभर चौकटींनी तो दहापट कमी होतो, तर दहा हजारांनी शंभरपट. प्रयोगशाळेत आपण लंबकाचा एक झोका न मोजता वीस झोके मोजतो, त्यामागचे तत्त्वही याच जातीचे आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे सहज समजावे.

पण संख्येलाही मर्यादा आहे. हे चित्र सुमारे पाच इंच व्यासाच्या दुर्बिणीतून घेतलेले आहे. एवढ्या दुर्बिणीला साधारण एक विकला, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, एवढ्या कोनापर्यंतच दोन बिंदू वेगळे दाखवता येतात. चंद्राच्या अंतरावर, म्हणजे सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर, एक विकला म्हणजे जवळजवळ १.९ किलोमीटर. चौकटी पन्नास हजार असोत वा पाच लाख, यापेक्षा फार बारीक तपशील या दुर्बिणीला मिळणार नाही. ‘अवतरणयानांच्या खुणाही यात दिसतील का?’ असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

आता रंगांकडे वळू. या चित्रातला चंद्र निळसर आणि तांबूस दिसतो. डोळ्यांना तो राखाडीच दिसतो. मग रंग खोटे आहेत काय? तसे म्हणता येणार नाही. चंद्रावरील निरनिराळ्या खडकांच्या रंगांत अत्यंत सूक्ष्म फरक असतो आणि तो संगणकावर मुद्दाम वाढवलेला आहे. ढोबळमानाने निळसर भागातील बेसाल्टमध्ये टायटॅनियम अधिक असते, तांबूस भागात ते कमी असते. १९६९ मध्ये अपोलो ११ ने आणलेल्या नमुन्यांत टायटॅनियमयुक्त बेसाल्ट सापडला होता. म्हणजे रंगांची जागा खरी, पण गडदपणा वाढवलेला. नकाशात डोंगर तपकिरी आणि सपाटी हिरवी रंगवतात, तसा हा प्रकार समजावा. नकाशाला रंगसूची असते. या चित्राला ती नाही, ही त्यातली मोठी उणीव होय.

बीड जिल्ह्यातील शिक्षकांना तर येथे आयती संधी आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत पायांखाली जो काळा पाषाण आहे, तोही बेसाल्टच. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. चंद्रावरचे काळे ‘सागर’ बहुतांशी तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. शेताच्या बांधावरचा एक दगड टेबलावर ठेवून हे चित्र दाखवले, तर चंद्र मुलांच्या हाताशी येईल.

आमचा दुसरा आक्षेप उठावाविषयी आहे. चंद्र गोलाकार, जणू चित्रातून बाहेर आल्यासारखा दिसावा म्हणून दोन निराळ्या चित्रांचा मेळ घातलेला आहे, असे चित्रकर्त्यानेच सांगितले होते. यामुळे प्रखर आणि अंधुक भाग एकाच वेळी स्पष्ट दिसतात. परंतु प्रकाश-अंधाराच्या सीमेवरील विवरे उठून का दिसतात आणि भर उन्हातली सपाट का वाटतात, हा सावल्यांचा धडा त्यात काहीसा झाकला जातो.

असे असूनही आमचा कौल चित्राच्या बाजूने आहे. कारण या मुलाने आपली कृती लपवली नाही. साधने, वेळ, चौकटी, जुळणी हे सर्व त्याने सांगितले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेशी तो संबंधित होता. हौशी निरीक्षकाने नोंद ठेवावी, ही तेथील जुनी शिस्त. दोष आहे तो पुढच्या प्रवासाचा. मोबाइलवरून फिरता फिरता चित्राची माहिती गळून पडली आणि उरला फक्त चमत्कार. अशा चमत्काराला सरावलेले मूल शाळेच्या तीन इंची दुर्बिणीला डोळा लावते आणि म्हणते, “एवढंच?” तेथेच आकाशदर्शनाचा कार्यक्रम संपतो. आणि खगोलाच्या नावाखाली मोबाइलवर येणारे एखादे बनावट चित्रही ते तितक्याच सहजतेने खरे मानते. आम्हांस खरी काळजी वाटते ती याची.

यावर उपाय खर्चाचा नाही. वर्गात कोणतेही आकाशचित्र दाखवताना फळ्यावर पाच प्रश्न लिहावेत : केव्हा घेतले? कोठून? कशाने? किती चौकटी? नंतर काय बदलले? उत्तरे मिळाली नाहीत तर चित्र शोभेचे समजावे. मग मुलांना स्वतःचे एक चित्र घेऊ द्यावे. दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाइल लावून काढलेला चंद्र पुसट येईल, पण त्याखाली या पाच प्रश्नांची उत्तरे असतील. गावाच्या उजेडापासून दूर, मोबाइल तिकाटण्यावर स्थिर ठेवून उत्तरेकडे रोखावा. बीडचा अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर सापडेल. तासभर चौकटी घेऊन त्या एकत्र केल्या तर तारे ध्रुवाभोवती १५ अंशांचे कंस काढतात. ते कोनमापकाने मोजता येतात.

एक अडचण याच जिल्ह्याची आहे. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होते, त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि अनेक मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात. ज्या टप्प्यातला चंद्र पुण्यात टिपला गेला, तो वद्य सप्तमी-अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो आणि सकाळी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी अजून आकाशात असतो. पहाटेच फडावर पोचणाऱ्या मुलाने तो कितीदा तरी पाहिलेला असतो. ते मूल परतल्यावर त्याला विचारावे : चंद्राची उजळ बाजू कोणत्या दिशेला होती? त्याचे उत्तर वर्गाच्या वहीत नोंदवावे, तारखेसह.