विंगेतली पत्रकार परिषद

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’चं बीज १९८१मधल्या एका बातमीत आहे. बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी एक बाई विकत घेतली आणि तसं छापलं. नाटकातला जयसिंग जाधव तेच करतो, अडीचशे रुपयांत. पुरावा समोर ठेवल्याखेरीज सरकार हलत नाही, हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. पण तिला पत्रकारांपुढे उभं करताना तिला कुणी विचारलं?

ती पत्रकार परिषद तेंडुलकर रंगमंचावर आणतच नाहीत. ती कळते जयसिंग आणि त्याचा मित्र जैन यांच्या हसण्यातून. वार्ताहरांचा घोळका दिसला असता तर प्रेक्षक त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. इथे किस्सा दिवाणखान्यात रंगतो आणि ऐकणाऱ्यांत आपणही असतो.

समीक्षेत मात्र चर्चा सरिताचीच. तुला केवढ्याला घेतलं, असं कमला तिला विचारते आणि प्रतिष्ठित पत्रकाराच्या या बायकोला घरातली आपली जागा कळते. प्रसंग जबरदस्तच आहे. (त्यापुढे जयसिंगची नोकरी जाणं मला जरा सोयीचं वाटतं.) माझी तक्रार कमलाच्या वाट्याला काय उरतं याबद्दल आहे. जयसिंगने तिला बातमीसाठी वापरलं, नाटकाने सरिताला जागं करण्यासाठी. नवऱ्याचं पितळ उघडं पाडायला सरिता पत्रकार परिषदच घ्यायचं बोलते, तोवर कमलाची रवानगी आश्रमात झालेली असते.