विणणारे हात, लिहिणारे हात : अँडीजमधील ‘स्त्रीजीवन’ सहलींचे एक वाचन

प्रवासवर्णनांची समीक्षा आपल्याकडे भरपूर झाली आहे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेची मात्र कोणी समीक्षा करीत नाही. ती वाचायची, पैसे भरायचे आणि बॅग बांधायची, एवढाच तिचा उपयोग मानला जातो. वास्तविक कार्यक्रमपत्रिका हीसुद्धा एक संहिताच असते. तिच्यात निवड असते, क्रम असतो, पात्रे असतात आणि वगळलेला मजकूरही असतो.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले ‘स्त्रीजीवन’ हाच विषय घेऊन आखलेल्या सांस्कृतिक गटसहली निघतात. अशाच एका सहलीत मी चौदा दिवस होते. लिमा, कुस्को, चिंचेरो, माचू पिक्चू, तितिकाका सरोवर आणि शेवटी बोलिव्हियातील ला पाझ असा मार्ग होता. तिचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. ती सहल एक पुस्तक आहे असे समजून वाचावी, आणि त्याच प्रदेशातील स्त्रियांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेली पुस्तके तिच्या शेजारी ठेवावीत, असा हा प्रयत्न आहे. मी विद्यापीठीय अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून स्पॅनिश शिकले आणि मिळेल तशी पुस्तके वाचत गेले. त्या वाचनाच्या आधारावरच पुढचे विवेचन आहे.

कार्यक्रमपत्रिकेतील क्रियापदे

सहलीआधी हाती आलेल्या पत्रिकेत अँडीजमधील स्त्री ज्या वाक्यांत कर्ता होती, ती वाक्ये मी वेगळी काढली. ती सूत कातते, लोकर रंगवते, विणते, रांधते, स्वागत करते, हसते. ‘सांगते’ हे क्रियापद एकदाच आले होते, आणि तेही एका दंतकथेच्या संदर्भात. ती विचारते, हिशेब करते, भांडते, मत देते, असे एकही वाक्य नव्हते. विषय स्त्रीजीवन, पण जीवनाचा भाग असलेली निम्मी क्रियापदे गायब.

पत्रिकेत तिला काळही नव्हता. तिचा पोशाख ‘प्राचीन’, कला ‘प्राचीन’, श्रद्धाही ‘प्राचीन’. इतिहास पाहिला तर ज्या घेरदार घागऱ्याला, म्हणजे पोयेराला, प्राचीन म्हटले जाते तो स्पॅनिश वसाहतीच्या काळातील पोशाखातून आलेला आहे. ला पाझमधील आयमारा स्त्रियांची ती प्रसिद्ध गोल हॅट तर विसाव्या शतकातील. या स्त्रियांनी परक्यांकडून आलेले कपडे उचलले, बदलले आणि आपली ओळख म्हणून मिरवले. ही घडामोड ‘प्राचीन’ या शब्दाखाली झाकली जाते.

चिंचेरोचे अंगण

चिंचेरो हे कुस्कोपासून तासाभराच्या अंतरावर, सुमारे ३,७६० मीटर उंचीवरील गाव. येथील अंगणांत रोज विणकामाची प्रात्यक्षिके होतात. एक स्त्री मुळी किसून तिच्या फेसात लोकर धुते. दुसरी हातातल्या टकळीवर सूत कातते. मग निवडुंगावरील कोचिनिल नावाचा किडा तळहातावर चुरडला जातो आणि लालभडक रंग उमटतो. लिंबू पिळले की तो नारिंगीकडे झुकतो, क्षार मिसळला की जांभळा होतो. कमरेला बांधलेल्या मागावर ताणा घट्ट ओढून धरत, लामाच्या हाडाच्या अवजाराने धागे ठोकत पट्टा विणला जातो. सारे वीस-पंचवीस मिनिटांत.

ते हाड वर धरून आमच्यासमोरच्या बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “हे मागच्या खेपेच्या एका पर्यटकाचं. त्यानं काहीच विकत घेतलं नव्हतं.” सगळे हसले. हा विनोद तिथल्या अंगणांत पुन्हापुन्हा होतो. मला मात्र तो त्या दिवसातील सर्वांत अर्थपूर्ण वाक्य वाटला. आपण येथे कशासाठी उभ्या आहोत आणि समोरचे कशासाठी आले आहेत, हे त्या बाईंना नेमके ठाऊक होते. पत्रिका ज्याला ‘परंपरा’ म्हणते ते त्यांच्या दृष्टीने काम होते. कामाच्या वेळा होत्या, ठरलेली संहिता होती, विक्रीचा ताण होता. प्रात्यक्षिकानंतर त्यांनी मार्गदर्शकाला केचुआ भाषेत बरेच काही सांगितले. भाषांतर होऊन आमच्यापर्यंत पोहोचले ते एवढेच : “त्या तुमचे आभार मानतात.”

या कामाला केवळ देखावा म्हणून मोडीत काढणेही अन्यायाचे होईल. चिंचेरोतच वाढलेल्या विणकर निल्दा कायान्याउपा यांनी काही सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र उभे केले. विस्मरणात चाललेले नमुने आणि रंग शोधून काढणे, तरुण मुलींना शिकवणे, विणकरांना योग्य मोबदला मिळवून देणे ही त्यांची कामे. पर्यटक नसते तर यातले बरेचसे टिकले नसते. म्हणजे बाजार आला म्हणून कला मेली, ही आपली आवडती तक्रार येथे लागू पडत नाही. अडचण वेगळी आहे. विणणाऱ्या हाताला किंमत मिळते, पण त्याच हाताने दुसरे काही करू पाहिले तर काय होते?

‘बाया जास्त इंडियन असतात’

मानववंशशास्त्रज्ञ मारिसोल दे ला कादेना यांचा १९९१ मधील एक गाजलेला निबंध येथे उपयोगी पडतो. कुस्कोजवळच्या चितापांपा गावात केलेल्या अभ्यासावर तो आधारलेला आहे, आणि ‘बाया जास्त इंडियन असतात’ ही गावातली समजूतच त्याचे शीर्षक झाली आहे. पुरुष शहरात कामाला जातो, स्पॅनिश बोलू लागतो, कपडे बदलतो आणि ‘मेस्तिसो’ म्हणून थोडा वरच्या पायरीवर चढतो. गावात राहिलेली स्त्री, तिची भाषा आणि तिचा पोशाख मागासलेपणाची खूण ठरतात. अशा रीतीने वंशाची उतरंड घरातल्या घरात, नवरा-बायकोमध्ये मांडली जाते.

पर्यटनाने या उतरंडीत एक चमत्कारिक बदल केला. जी ‘जास्त इंडियन’ असणे ही नामुष्की होती, तिलाच दर मिळू लागला. कुस्कोच्या चौकात भरजरी पोशाखात कोकरू कडेवर घेऊन फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या स्त्रिया आणि मुली दिसतात. त्यांना ‘साकामेफोतोस’, म्हणजे ‘माझा फोटो काढा’वाल्या, म्हणतात. पर्यटकांना त्यांचे पैसे मागणे खटकते. फोटो फुकट मिळाला असता तर तो ‘अस्सल’ वाटला असता. उभे राहणे हेही श्रम आहेत हे त्या जाणतात, आणि सहलीच्या कथानकाला नेमके तेच मानवत नाही.

शीर्षकात नसलेली बाई

आता सहलीशेजारी पुस्तके ठेवू. १९७७ मध्ये कुस्कोत केचुआ आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत एक आत्मकथन प्रसिद्ध झाले. रिकार्दो वाल्देर्रामा आणि कार्मेन एस्कालांते या दोघांनी ते ध्वनिमुद्रित करून शब्दांकित केले होते. कुस्कोत हमाली करणारे ग्रेगोरिओ कोंदोरी मामानी हे त्याचे निवेदक, आणि पुस्तकाला नावही त्यांचेच. शेवटच्या भागात मात्र त्यांची पत्नी असुंता किस्पे वामान बोलते. परक्या घरातील कामे, नवऱ्याची मारहाण, मुलांचे मृत्यू, दोन वेळच्या अन्नासाठीची वणवण ती सांगते. पानांनी तिचा भाग लहान आहे, पण पुस्तक मिटल्यावर मनात राहते ती तीच. १९९६ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा शीर्षकात तिचे नाव आले. पुस्तकाच्या आतून मुखपृष्ठावर यायला तिला एकोणीस वर्षे लागली.

चिंचेरोतील भाषांतर आणि हे शब्दांकन यांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे मोठे बोलणे एका आभारात आटले. येथे बोलणाऱ्या बाईचे केचुआ शब्द छापील पानावर जसे आहेत तसे उभे राहिले, म्हणून पुढच्या भाषांतरकारांना तिच्याकडे परत जाता आले.

अंताच्या हद्दीतून जाणारी बस

कुस्कोहून चिंचेरोला जाणारा नेहमीचा रस्ता अंता प्रांताच्या हद्दीतून जातो. आमच्या बसमध्ये त्या टप्प्यावर बटाट्याच्या जातींविषयी माहिती दिली गेली. ती रंजक होती. पण स्त्रीजीवन हा विषय असलेल्या सहलीत अंताचे नाव दुसऱ्या कारणासाठी घ्यायला हवे होते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फुजिमोरी सरकारच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात पेरूमध्ये २ लाख ७० हजारांहून अधिक स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांना उद्दिष्टे ठरवून दिलेली होती. हजारो स्त्रियांनी पुढे सांगितले की आमची खरी संमती घेतलीच नाही. त्यांत बहुसंख्य गरीब, ग्रामीण, केचुआ बोलणाऱ्या होत्या. अंतातील स्त्रिया या अन्यायाविरुद्ध लवकर संघटित झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक भेदभाव निर्मूलन समितीने पाच स्त्रियांच्या तक्रारीवर निर्णय देताना पेरूने त्यांचे हक्क पायदळी तुडवल्याचे नोंदवले आणि भरपाईची मागणी केली.

अंतातील या लढ्यात इलारिया सुपा वामान अग्रभागी होत्या. औपचारिक शिक्षण फारसे नाही, मातृभाषा केचुआ, शेतकरी स्त्रियांच्या संघटनेत घडलेले नेतृत्व. त्यांच्या आत्मकथनाच्या नावाचा अर्थ ‘माझ्या आयुष्याचे धागे’ असा होतो. २००६ मध्ये त्या संसदेवर निवडून आल्या आणि त्यांनी केचुआत शपथ घेतली. सभागृहात त्यावरून वाद झाला. २००९ मध्ये लिमातील एका दैनिकाने त्यांच्या वहीतील टिपणांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले. स्पॅनिशमधील शुद्धलेखनाच्या चुका दाखवून, अशा व्यक्तीने संसदेत बसावे का, असा त्यामागचा रोख होता.

या एका घटनेत मला आपल्या सहलीची सारी समीक्षा सापडते. अंताच्या बाईने विणलेला पट्टा विमानतळावरील दुकानात काचेमागे ठेवला जातो. त्याच बाईने लिहिलेले पान थट्टेसाठी छापले जाते. विणणारा हात राष्ट्राचा वारसा ठरतो आणि लिहिणारा हात राष्ट्राची नाचक्की. सहल या भेदाला जन्म देत नाही, पण पहिल्या हातापाशी थांबून आणि दुसऱ्याजवळून बस पुढे काढून ती त्याला दुजोरा देते.

साक्षीचा शब्द, मराठीपर्यंत

बोलिव्हियात आमच्या गटाने एल आल्तोमधील पोयेरा नेसलेल्या स्त्रियांच्या कुस्त्या पाहिल्या. दोमितिला बारिओस दे चुंगारा हे नाव मात्र कोठे निघाले नाही. सिग्लो व्हेंते या कथिलाच्या खाणीतील कामगाराची ही पत्नी. खाणकामगारांच्या बायकांची समिती १९६१ मध्ये स्थापन झाली आणि दोमितिला तिच्या नेत्या झाल्या. १९७५ मध्ये मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या परिषदेत, आपण सगळ्या स्त्रिया एकच, हे सुखवस्तू प्रतिनिधींचे म्हणणे त्यांनी कपडे, घर आणि मोटारीचा हिशेब मांडून खोडून काढले. मोएमा व्हीझर यांनी शब्दांकित केलेले त्यांचे आत्मकथन १९७७ मध्ये आले. पहाटे चारला उठून शंभरेक साल्तेन्या, म्हणजे सारण भरलेल्या करंज्यांसारखा पदार्थ, करून विकण्यापासून त्यांचा दिवस सुरू होतो. घरातील कामांना मजुरी लावली तर ती नवऱ्याच्या पगाराहून जास्त भरते, हे गणित त्यांनी पुस्तकात करून दाखवले आहे. आमच्या पत्रिकेत नसलेली क्रियापदे येथे पानोपानी आहेत : ती विचारते, हिशेब करते, भांडते.

अशा कथनांना स्पॅनिशमध्ये ‘तेस्तिमोनिओ’, म्हणजे साक्ष, म्हणतात. हा शब्द मराठी साहित्यविचाराला परका नाही. शर्मिला रेगे यांनी २००६ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठीतील दलित स्त्रियांच्या आत्मकथनांसाठी तो जाणीवपूर्वक वापरला. एकटीची कहाणी समूहाच्या वतीने दिलेली साक्ष असते, हा त्यामागचा विचार. त्याच परंपरेतील ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूच्या टोपल्या विणणे आणि लेकीचे लिहिणे यांचे नाते लेखिकेनेच सांगितले आहे. विणणे आणि लिहिणे ही एकाच जगण्याची दोन कामे आहेत, हे ‘आयदान’ वाचलेल्या वाचकाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. म्हणूनच चिंचेरोच्या अंगणात मराठी वाचकाने केवळ रंगांवर खूश होऊन परतणे शोभणार नाही.

काय करता येईल

सहली बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. त्या अंगणांतील चुली त्यावर पेटतात. बदल मोठा खर्चिकही नाही. प्रात्यक्षिकानंतर अर्धा तास विणकर स्त्रियांनी प्रश्न विचारावेत आणि पाहुण्यांनी उत्तरे द्यावीत. केचुआ बोलण्याचे पूर्ण भाषांतर व्हावे, आणि त्यासाठी केचुआ जाणणाऱ्या स्त्री-दुभाषीला वेगळा मोबदला द्यावा. लिमात बहुतेक गट मिराफ्लोरेस भागात मुक्काम करतात. तेथेच १९८० ते २००० या काळातील हिंसाचाराचे स्मृतिसंग्रहालय आहे, आणि सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार त्या हिंसाचारातील दर चार बळींपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी स्थानिक भाषा होती. त्या संग्रहालयासाठी एक सकाळ राखता येईल. अंता ओलांडताना बटाट्यांबरोबर तिथल्या स्त्रियांचा लढाही दोन वाक्यांत सांगता येईल.

आणि पत्रिकेसोबत टोपी, सनस्क्रीन, गरम कपडे अशी जी यादी येते, तिच्यात असुंता, दोमितिला आणि इलारिया यांच्या पुस्तकांची नावे घालावीत. बॅगेत त्यांचे वजन फार होत नाही.