तीस कुटुंबांच्या हिशेबाबाहेर

थॉमस मोर यांचा 'युटोपिया' हा ग्रंथ १५१६ साली लुव्हाँ येथे लॅटिनमध्ये छापला गेला. त्यातले बेट कल्पित आहे. खाजगी मालमत्ता नाही, पैसा नाही, दिवसाला सहा तास काम, अन्न आणि औषधोपचार सर्वांना. एवढ्यावरच वाचक भारावतो. समतेच्या आणि समाजवादाच्या चर्चेत या बेटाचे नाव आजवर आदराने घेतले गेले ते याच कारणाने. परंतु बेटाचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो हे आपण आपल्या जागेवरून, म्हणजे गावकुसाबाहेरून, वाचू लागलो की वेगळेच प्रश्न उभे राहतात.

मोर हे निव्वळ स्वप्नाळू लेखक नव्हते. १५१० पासून ते लंडन शहराचे अंडरशेरीफ होते. शहराचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. म्हणूनच त्यांची रचना काटेकोर आहे. बेटावर ५४ शहरे. भाषा, चालीरीती, कायदे सर्वत्र सारखे. प्रत्येक शहरातले तीन अनुभवी वृद्ध दरवर्षी अमौरोट या मध्यवर्ती शहरी जमतात आणि बेटाच्या सामाईक प्रश्नांचा विचार करतात. शहरात ६,००० कुटुंबे. दर तीस कुटुंबांमागे दरसाल निवडलेला एक अधिकारी, त्याला सायफोग्रांट म्हणतात. अशा दहांवर एक ट्रानिबोर. हे २०० सायफोग्रांट लोकांनी सुचवलेल्या चौघांतून गुप्त मतदानाने शहराचा प्रमुख निवडतात. तो तहहयात, पण जुलमाचा संशय आला तर पदावरून जातो. सभेत जो विषय आज निघाला त्यावर आजच चर्चा करायची नाही, आणि तीन दिवस चर्चा झाल्याशिवाय निर्णय नाही. सभेबाहेर सार्वजनिक कारभाराची खलबते करणाऱ्याला देहदंड! हेतू असा की सत्ताधाऱ्यांनी आपसात संगनमत करून जनतेला दडपू नये. आपल्याकडील कितीतरी ठराव ज्या रीतीने बैठकीआधीच कोणाच्या तरी दिवाणखान्यात मंजूर झालेले असतात, ते पाहता हा नियम हेवा वाटावा असाच आहे.

आता प्रश्न असा की ही तीस कुटुंबे मोजली कोणी, आणि मोजताना कोणाला वगळले?

खेड्यातील शेतघराचे वर्णन करताना मोर सांगतात की तेथे किमान ४० स्त्रीपुरुष असतात आणि त्याशिवाय जमिनीला बांधलेले दोन गुलाम. ही 'त्याशिवाय' फार महत्त्वाची आहे. शहरातल्या गुलामांचा तर आकडाही दिलेला नाही. कुटुंबे, सायफोग्रांट, ट्रानिबोर, शहरे, सगळ्यांची गणती आहे, यांची नाही. मात्र कामे सांगितली आहेत. सामुदायिक भोजनगृहातील जड व घाण काम गुलामांचे. जनावरे मारण्याची जागा शहराबाहेर, वाहत्या पाण्याकाठी. तेथे कापणारे आणि धुणारे गुलामच. नागरिकाने हे काम करायचे नाही, कारण त्याने मनातील दया मरते असे युटोपियातील लोकांना वाटते. मांस मात्र शहरात येते आणि सर्वांच्या ताटात पडते. म्हणजे नागरिकाची दया शाबूत राहावी म्हणून दुसऱ्या कोणाची तरी दया खर्ची घालायची. या युक्तिवादाची ओळख आपल्याला कोणी करून द्यायला नको. मेलेली जनावरे ओढणाऱ्याला विटाळाचा धनी ठरवून स्वतः शुचिर्भूत राहणारे गाव आपण पाहिलेले आहे. गुलामांनी बंड केले तर त्यांना माजलेल्या जनावरांसारखे मारावे, हेही मोर शांतपणे नोंदवतात.

तरीही न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट मोर यांच्या पदरात टाकली पाहिजे. त्यांच्या बेटावर गुलामाचे मूल गुलाम नसते. गुलामी शिक्षा म्हणून येते, किंवा परदेशातला दरिद्री माणूस ती स्वतः पत्करतो. मुलगा सहसा बापाचा धंदा करतो, पण मन दुसऱ्या धंद्याकडे ओढले तर त्या धंद्याच्या कुटुंबात त्याला दत्तक देतात. आपल्याकडे गावचा कारभार ज्या वतनदारीवर उभा होता तिने ही पळवाटसुद्धा ठेवली नव्हती. महाराची चाकरी जन्माबरोबर येत असे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले; कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. गुलामीला वंशपरंपरा देण्याच्या कामी आपले खरे गाव मोर यांच्या कल्पित बेटाच्या फार पुढे होते.

ग्रंथात आणखी एक मासलेवाईक जागा आहे. बेटावर काही धर्मनिष्ठ लोक पुण्यासाठी स्वखुशीने गटारे उपसतात, रस्ते दुरुस्त करतात, आणि जितके गुलामासारखे राबतात तितका त्यांचा मान वाढतो. काम तेच; निवडून केले तर पूज्य, लादले गेले तर बेड्या. (या बेड्या सोन्याच्या आहेत, हा मोर यांचा विनोद. सोन्याचा तिरस्कार वाटावा म्हणून तेथे त्याची शौचपात्रेही करतात.) सफाईच्या कामाचा असा गौरव गांधीवादाने केला, आणि १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याचा जो समाचार घेतला, तो या पानांशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

मोर यांच्या बेटावर दुसऱ्या शहरी जायला अधिकाऱ्यांचा परवाना लागतो. परवान्याशिवाय दुसऱ्यांदा सापडला की नागरिक गुलाम होतो. याच्या उलट काशीच्या संत रविदासांचे बेगमपुरा: तेथे कर नाही, दुय्यम कोणी नाही, आणि हवे तेथे हिंडणाऱ्याला कोणी अडवत नाही. चामड्याचे काम करणाऱ्याने कल्पिलेले नगर असेच असणार. ज्याला जन्मभर अडवले गेले त्याच्या स्वप्नात पहारेकरी नसतो. मात्र बेगमपुऱ्यात सभा किती दिवसांनी भरते, गटार कोण साफ करतो, हे रविदास सांगत नाहीत. पदाच्या आटोपशीर घाटात ते मावलेही नसते. तो तपशील आपल्याला भरायचा आहे, आणि तो भरताना मोर यांची २०० माणसांची सभा उपयोगी पडेल.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा घटनेनेच बंधनकारक केल्या. जे हिशेबाबाहेर होते ते सभागृहात आले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. माणसे तरीही गटारात गुदमरून मरतात. काम ठेकेदाराकडे गेलेले असते, आणि ठेकेदाराच्या माणसांची नोंद नगरपालिकेच्या हजेरीपटावर नसते.